जुनी पिकअप अ‍ॅव्हरेज कमी देते म्हणतात, तरी शेतकरी ती विकत का नाहीत? महिन्याला हजारेक किलोमीटर घरचाच माल न्यायचा असेल तर मी जुनी घ्यावी का?

घ्या. हजार किलोमीटर आणि घरचा माल, एवढं तुम्ही सांगितलंत तिथेच माझं उत्तर ठरलं.

मी जुन्नर तालुक्यातला. माझ्याकडे २००८ ची टाटा २०७ डीआय पिकअप आहे. टोमॅटो नारायणगावला, कांदा आळेफाट्याला, आणि इथल्या भावावर रुसलो की माळशेज उतरून वाशीला. रिकामी असताना ती लिटरला १३ किलोमीटर देते, कॅरेट भरले की ११. येताना कल्याणहून पाइप-बिइप भरून घाट चढली तर ९ वर येते. हे आकडे टाकी फुल्ल करून, पुन्हा फुल्ल करून काढलेले आहेत. डिझेलच्या काट्याकडे बघून सांगितलेलं अ‍ॅव्हरेज आणि आडत्याने फोनवर सांगितलेला भाव, दोन्ही मी धरत नाही.

आता हिशोब करू. नवी गाडी भरून १४ देते असं धरा. हजार किलोमीटरला माझी ९१ लिटर पिते, नवी ७१. फरक २० लिटरचा, म्हणजे डिझेल ९० रुपये धरलं तर १,८०० रुपये. नव्या गाडीसाठी ८ लाखांचं कर्ज पाच वर्षांना काढलं तर हप्ता सतरा हजारांच्या वर जातो. जुनीच्या दुरुस्तीला महिन्याला चार-पाच हजार बाजूला ठेवले तरी पारडं कुठे झुकतं ते दिसतंच. उलट भाड्याने पळवून महिन्याला पाच हजार किलोमीटर करणार असाल तर फरक नऊ हजारांवर जातो, आणि त्या धंद्यात गाडी दोन दिवस गॅरेजला उभी राहिली की गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. तिथे मी नवीच घ्या म्हणेन.

एक गंमत सांगतो. दोन वर्षांपूर्वी माझी गाडी अचानक ८ वर आली. मिस्त्री म्हणाला पंप काढावा लागेल, नोझल गेले असतील. एअर फिल्टर बदलला, नोझल तपासून आणले, फरक शून्य. शेवटी पंक्चर काढणाऱ्या पोराने मागच्या चाकाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. ब्रेक चिकटून राहत होता! मी महिनाभर अर्धवट ब्रेक लावून गाडी ओढत होतो. शे-पाचशेचं काम झालं आणि गाडी पुन्हा ११ वर आली. हजार किलोमीटरला ३४ लिटर वाचले. नीट चालणारी जुनी देऊन नवी घेतली तर २० च वाचतात, हे लक्षात घ्या. खालच्या आकड्यांत एकेका किलोमीटरला फार किंमत असते. १३ चे १५ करण्यापेक्षा ८ चे १० करण्यात जास्त डिझेल वाचतं.

आणि घाट उतरताना न्यूट्रल करू नका. आमच्याकडे भलेभले करतात. गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की चाकंच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल जवळजवळ तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरतं पीतच राहतं. वर ब्रेक तापतात ते वेगळंच.

लोक विकत का नाहीत? या गाड्यांचा पंप मेकॅनिकल आहे, सेन्सरचं जंजाळ नाही. रस्त्यात बंद पडली तर डिझेल येतंय का, डिझेलच्या पाइपात हवा धरलीय का, बॅटरी आहे का, एवढंच बघायचं. माझ्या पुतण्याची बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांची गाडी (एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या तशाच) रोज गावातल्या गावात चार-पाच किलोमीटर फिरायची. सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर साफ व्हायला गाडी नीट तापावी लागते, ती कधी तापलीच नाही. ऐन टोमॅटोच्या हंगामात, बाजाराच्या रांगेत दिवा लागला आणि गाडी रांगायलाच लागली. लॅपटॉप लावून दोष शोधणारा मिस्त्री येईपर्यंत आम्ही माल २०७ मध्ये पलटी केला. तिचा हौदाही तसाच रांगडा आहे, पाटे कडक. भरल्यावर बरी चालते, रिकामी असली की मणके मोजून घेते.

पण नव्या गाड्यांतला तो काजळीचा फिल्टर उगाच बसवलेला नाही. माझ्या गाडीचा धूर चढाला काळा येतो आणि तो माझ्याच गावात राहतो. त्यात मला भूषण वाटत नाही. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस आणि वर पर्यावरण कर, हाही खर्च धरा. पासिंगला जायचे दोन दिवस वाया जातात ते आपण कधीच धरत नाही.

बघायला जाताना तुमचा मिस्त्री सोबत न्या. किलोमीटरचा काटा सोडा. चासी कुठे वेल्डिंग केलीय का आणि हौद्याखालचा पत्रा किती खाल्लाय ते बघा. सगळ्यात आधी बॉनेटला हात लावा. गार इंजिन एका सेल्फला उठतं का, तेच बघायचं असतं, आणि विकणारे तासभर आधी चालू करून ठेवतात. कोमट लागलं तर चहा घेऊन परत या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे न सांगता जा.