बेघर माणसासाठी कोणाचे दार ठोठवावे?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मृग तोंडावर आला की या सदराकडे एका विशिष्ट प्रकारची पत्रे येऊ लागतात. एसटी स्टँडवर, जेटीवर किंवा देवळाच्या सभामंडपात झोपणाऱ्या माणसाचे आता पावसात काय होणार, ही त्यांतली चिंता असते. यंदाच्या पत्रांपैकी पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि ज्यांच्याविषयी त्यांनी लिहिले आहे त्यांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या बाजारपेठेत दिवाळीपासून एक मध्यमवयीन गृहस्थ स्टँडच्या आडोशाला राहतात. हिंदीतले चार शब्द बोलतात, बाकी स्वतःशीच पुटपुटतात, आणि ती भाषा आम्हांला कळत नाही. कोणी चहा देते, कोणी वडापाव. पायाची जखम चिघळली आहे. पोलीस ठाण्यात सांगितले तेव्हा ‘कोणाला त्रास देतो का? नाही ना, मग राहू दे’ असे उत्तर मिळाले. फोटो व्हॉट्सअॅपवर फिरवावा, असे मित्रांचे म्हणणे आहे. आम्ही नेमके काय करावे? (एक दुकानदार, देवगड तालुका)

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर माणुसकीचे वाटले तरी ते कायद्याला धरून नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम १०० नुसार, ठाण्याच्या हद्दीत भटकणाऱ्या एखाद्या व्यक्तीला मानसिक आजार आहे आणि ती स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असे मानण्यास कारण असेल, तर तिला संरक्षणाखाली घेणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. तिने कोणाला त्रास दिला पाहिजे, अशी अट त्यात नाही. अशा व्यक्तीला कोठडीत ठेवता येत नाही. लवकरात लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यावे लागते. याच कलमात आणखी एक तरतूद आहे, जिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते : बेघर किंवा भटकत असलेल्या मनोरुग्णाच्या बाबतीत हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या कुटुंबाचा शोध घेणे, हेही त्याच ठाण्याचे काम आहे. आपल्या बाजारपेठेतले हे गृहस्थ कोणाच्या तरी घरून हरवले आहेत, हे गृहीत धरूनच कायदा लिहिला गेला आहे.

मात्र ठाण्यात तोंडी सांगितलेले वाऱ्यावर जाते. म्हणून अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घेतल्याशिवाय परतू नये. अर्जात ‘वेडा’ हा शब्द नको आणि आपल्या अंदाजाचे निदानही नको. ते गृहस्थ केव्हापासून आहेत, कोठे झोपतात, दिलेले अन्न खातात की तसेच ठेवतात, भर उन्हात किंवा पावसात उभे राहतात का, जखमेची त्यांना जाणीव दिसते का, एवढेच डोळ्यांनी पाहिलेले लिहावे आणि शेवटी कलम १०० चा उल्लेख करून कार्यवाहीची विनंती करावी. एक प्रत जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे आणि एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवावी. दंडाधिकाऱ्यांनाही अशा व्यक्तीला तपासणीसाठी पाठवण्याचा अधिकार आहे, हे या प्राधिकरणाला वेगळे सांगावे लागत नाही.

जखमेसाठी मात्र या सगळ्याची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ग्रामीण रुग्णालयापर्यंत आपल्यापैकी एकाने सोबत जावे. नातेवाईक नाही किंवा आधार कार्ड नाही, हे सरकारी रुग्णालयात उपचार नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. मानसिक उपचारांबाबत तर कलम १८ अधिकच स्पष्ट आहे : निराधार किंवा बेघर रुग्णाला सरकारी आस्थापनेत ते विनामूल्य मिळाले पाहिजेत, दारिद्र्यरेषेचे कार्ड असो वा नसो. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये चार आहेत, ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. त्यांतले एक आपल्या किनाऱ्यावरच आहे, हे कोकणाचे भाग्यच म्हणायचे.

भाषेसाठी एक साधा उपाय सुचवतो. हापूसच्या बागेतला नेपाळी राखणदार, मच्छीमार बोटीवरचा कानडी किंवा तेलुगू खलाशी, फरशी बसवणारा राजस्थानी मिस्त्री आपल्याच तालुक्यात असतात. त्यांच्यापैकी एकेकाला चहाच्या वेळी त्या गृहस्थांशेजारी बसवून पाहावे. स्वतःच्या भाषेतला शब्द कानावर पडला की पुटपुटणे थांबते आणि मान वर होते. मग गावाचे नाव थेट विचारण्याऐवजी आठवड्याचा बाजार कोठे भरतो, नदी कोणती, जत्रा कोणाची, असे विचारावे. जिल्हा विसरलेल्या माणसाला बाजाराचे गाव आठवू शकते. हातावरचे गोंदणही पाहून ठेवावे. मिळालेला प्रत्येक तपशील पोलिसांच्या अर्जाला जोडावा.

फोटो फिरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारे समजून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. अनोळखी चेहरा, न कळणारी बोली आणि मोबाइलवरचा एक फोटो एवढे एकत्र आले की पुढे काय होईल, ते कोणाच्या हातात राहत नाही. फोटो पोलिसांना आणि संस्थांना द्यावा. उपचार सुरू झाल्यावर तर संमतीशिवाय तो प्रसारमाध्यमांना देण्यास कायद्यानेच मनाई आहे.

उपचारानंतरचा टप्पा घरी पोहोचवण्याचा. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठानचे केंद्र आहे. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना देशभरातल्या त्यांच्या घरी पोहोचवण्याच्या कामासाठी वाटवानी यांना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्या जवळ, कुडाळ तालुक्यात पणदूर येथे, जीवन आनंद संस्थेचा संविता आश्रम निराधारांना सांभाळतो. कोणत्याही संस्थेत आधी फोन करून जागा आहे का ते विचारावे. माणसाला गाडीत घालून थेट दारात सोडून येऊ नये. पोलिसांचे पत्र सोबत असले की संस्थेचीही अडचण कमी होते. अशा माणसाला रात्रीच्या गाडीत बसवून ‘पुढच्या गावाला’ पाठवणे मात्र कोणी सुचवले तरी ऐकू नये. तेवढ्याने बाजारपेठ मोकळी होते आणि त्याच्या घरच्यांपर्यंत जाणारा माग कायमचा तुटतो.

प्रश्न : आमच्या वाडीतल्या काकी एकाहत्तर वर्षांच्या आहेत. मूलबाळ नाही, यजमान वारले. सामाईक घरात त्यांची एक खोली आणि पडवी होती. मुंबईच्या पुतण्याने गणपतीत येऊन कसल्याशा कागदावर त्यांची सही घेतली आणि शिमग्यानंतर पडवीला कुलूप घातले. आता त्या देवळात झोपतात. घरची भांडणे चव्हाट्यावर नेऊ नयेत, असे गावकर म्हणतात. (एक शिक्षिका, वेंगुर्ले तालुका)

उत्तर : काकी देवळात झोपतात म्हणजे भांडण चव्हाट्यावर आलेलेच आहे, फक्त ते काकींच्या वाट्याला आले आहे, पुतण्याच्या नाही.

पहिले काम तो कागद कोणता हे पाहण्याचे. घराचे किंवा जमिनीचे बक्षीसपत्र नोंदणीशिवाय वैध होत नाही, म्हणून दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात शोध घ्यावा. तलाठ्याकडे सातबारा व फेरफार आणि ग्रामपंचायतीत घरपट्टीचा उतारा पाहावा. फेरफार नुसता धरला गेला असेल, म्हणजे नोंद होऊन अजून मंजूर झाली नसेल, तर मुदतीत हरकत नोंदवावी. फेरफारावर दुसऱ्याचे नाव चढले म्हणजे मालकी गेली, असे होत नाही. यजमानांच्या हिश्शात विधवा पत्नी पहिल्या वर्गाची वारस असते, हे गावकरांनाही शांतपणे सांगावे.

दुसरे काम प्रांत कार्यालयातले. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण कायदा २००७ सालचा आहे. तो फक्त मुलांपुरता आहे असा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. अपत्य नसलेल्या ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला ती वारसाने मिळणार आहे, असा सज्ञान व ऐपतदार नातेवाईकही निर्वाह देण्यास बांधील आहे; पुतण्या त्यात बसू शकतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे करायचा असतो, त्याला वकील लागत नाही, आणि काकींना जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती, म्हणजे आपणही, तो करू शकते. निर्वाहाच्या अर्जावर नोटिशीनंतर ९० दिवसांत निर्णय व्हावा, असे कायदा सांगतो. बक्षीसपत्र सांभाळण्याच्या अटीवर करून दिले असेल आणि ती अट पाळली गेली नसेल, तर कलम २३ खाली ते रद्द ठरवता येते. मात्र अट होती हे दाखवावे लागते, म्हणून त्या वेळी पडवीत कोण कोण हजर होते ते आत्ताच लिहून ठेवावे. ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडले, तर कलम २४ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

सामाईक घरात राहण्याचा हक्क कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही आहे, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आणि महिलांसाठीची १८१. पावसाआधी हातात थोडे पैसे हवेत, म्हणून तहसीलदार कार्यालयात श्रावणबाळ योजनेचा अर्जही लगेच करावा. ती ६५ वर्षांवरील निराधारांसाठी आहे. वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असावे लागते आणि महाराष्ट्रातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो, जो काकींना अवघड नाही.

प्रश्न : जत्रेच्या आधी देवस्थानच्या पायऱ्यांवर राहणाऱ्यांना पोलिसांकरवी हलवावे, असा ठराव समितीत येणार आहे. माझे मन घेत नाही. कायदा काय म्हणतो? (समितीचे एक सदस्य, रत्नागिरी तालुका)

उत्तर : कायदा दुर्दैवाने समितीच्या बाजूला झुकलेला आहे. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात लागू आहे आणि त्यातली भिकाऱ्याची व्याख्या इतकी सैल आहे की, उपजीविकेचे साधन दिसत नसताना सार्वजनिक ठिकाणी वावरणारी व्यक्तीही तिच्यात सापडते. वॉरंटशिवाय पकडता येते आणि पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये या कायद्यातील अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, परंतु तो निर्णय दिल्लीपुरता आहे. म्हणजे चार दिवसांच्या जत्रेसाठी केलेल्या एका फोनची किंमत समोरच्याला काही वर्षांनी मोजावी लागू शकते, हे ठरावाआधी समितीसमोर मांडावे. त्याऐवजी जत्रेच्या दिवसांत त्यांना प्रसादालयामागची जागा, पाणी आणि जेवण देण्याचा ठराव आपणच का मांडू नये?

प्रश्न : आमच्या शहरात रात्रनिवारा नाही. नगर परिषद म्हणते, आपली लोकसंख्याच तेवढी नाही. हे खरे का? (युवक मंडळ, चिपळूण)

उत्तर : अर्धे खरे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशांतून आलेले आणि पुढे २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात स्वीकारलेले प्रमाण, दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा कायम निवारा, असे आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी शहर सुमारे ७६ हजारांचे आणि चिपळूण सुमारे ५५ हजारांचे होते. लाखाचा आकडा या दोन्ही शहरांनी गाठला नाही, आणि त्याचा आधार घेऊन हात झटकणे सोपे जाते. पण ते शहरांच्या नियोजनाचे माप आहे. लाखाच्या आतल्या शहरातला माणूस पावसात भिजला तरी चालतो, असा त्याचा अर्थ कोणत्याही न्यायालयाने लावलेला नाही. अभियानाच्या निकषांतही निवारा पन्नास जणांचा असू शकतो. त्याच जनगणनेत राज्यात दोन लाखांहून अधिक बेघर मोजले गेले होते, आणि ते सगळेच मुंबई-पुण्यात होते असे कोणी म्हणणार नाही.

इमारतीची मागणी नंतर करावी. आधी जून ते सप्टेंबरपुरते एखादे समाजमंदिर किंवा रिकामी शाळाखोली रात्री उघडी मागावी. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणकरांनी एका दिवसात शाळा, सभागृहे आणि देवळे निवाऱ्यासाठी उघडली होती, त्यामुळे जागा नाही हे कारण आपल्या शहरात तरी कोणी सांगू नये. मागणीसोबत माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा : गेल्या पाच वर्षांत बेघरांचे सर्वेक्षण कधी केले, त्याची प्रत द्यावी. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावावा आणि तीस दिवस थांबावे. सर्वेक्षण झालेच नसेल, तर तेच उत्तर आपल्या मागणीचे पहिले पान होईल.

प्रश्न : जेटीवर झोपणाऱ्याला मतदार होता येते का? (एक वाचक, मालवण)

उत्तर : येते. अर्ज क्रमांक ६ मध्ये झोपण्याची जागा हाच पत्ता म्हणून लिहावा. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने त्या जागी रात्री येऊन, आणि एकाहून अधिक रात्री येऊन, ती व्यक्ती तेथेच झोपते का हे पाहायचे असते; खात्री पटली की निवासाचा कागद लागत नाही. आपण अर्ज भरायला मदत करणार असाल तर तो पावसाळ्यानंतर भरावा, कारण पावसात जेटीवरची माणसे आडोसा शोधत जागा बदलतात आणि अधिकारी आलेल्या रात्री माणूस सापडला नाही तर अर्ज फेटाळला जातो.