चौथऱ्यावरचे तीन प्रसंग

नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची १८५० सालची ‘द स्कार्लेट लेटर’ ही कादंबरी आपण प्रथमच वाचत आहात, म्हणून सुचवतो की कस्टम-हाउसविषयीचे (जकात कचेरीविषयीचे) लांबलचक प्रास्ताविक जड वाटल्यास ते शेवटी वाचावे. बॉस्टनमधील शिक्षेच्या चौथऱ्यावरचे तीन प्रसंग मात्र एकमेकांशेजारी ठेवून पाहा: पहिल्यात व्यभिचाराबद्दल शिक्षा झालेली नायिका हेस्टर आपल्या तान्ह्या मुलीला, पर्लला, घेऊन दिवसाढवळ्या गर्दीसमोर उभी राहते, दुसऱ्यात धर्मोपदेशक डिम्सडेल रात्रीच्या अंधारात तेथे चढतो आणि तिसऱ्यात तो पर्लचा पिता आपणच असल्याची सर्वांसमक्ष कबुली देऊन प्राण सोडतो. व्यभिचाराची खूण म्हणून छातीवर उघडपणे वागवलेले लाल ‘A’ हे अक्षर हेस्टरला हळूहळू बळ देते, तर लपवलेले पाप डिम्सडेलला आतून पोखरते. मला स्वतःला सुडाने पेटलेला हेस्टरचा नवरा चिलिंगवर्थच सर्वांत मोठा पापी वाटतो. त्याची प्रकरणे कृपया घाईने उरकू नका.