लहान मुलाला घेऊन चर्चिलसारख्या एकाकी बंदरगावात राहता येईल का?

ताई, तुमच्या यजमानांना कॅनडाच्या उत्तरेकडच्या चर्चिलच्या हॉटेलात दोन वर्षांची नोकरी मिळतेय आणि सहा वर्षांच्या मुलाला घेऊन विनिपेग शहरातून तिथे जावं का, असं तुम्ही विचारलंय. मी 2016 ते 2019 तिथल्या एका हॉटेलची कोठी सांभाळली. पिठापासून कोथिंबिरीपर्यंत आवक-जावक माझ्या वहीत असायची. माझं उत्तर सरळ आहे: जा. फक्त ते गाव एका रुळावर जगतं, एवढं समजून जा.

चर्चिलला बाहेरून येणारी सडक नाही. विनिपेगहून आगगाडी आठवड्यातून दोनदा सुटते, सुमारे 1700 किलोमीटर जायला दोन रात्री लागतात आणि बऱ्याचदा उशीरही होतो. दुसरा मार्ग विमानाचा, तो महाग. वस्ती नऊशेच्या आतली. रूळ 1929 मध्ये पोचला, 1931 पासून बंदरातून प्रेअरीचा, म्हणजे कॅनडातल्या सपाट गवताळ मुलखाचा, गहू जहाजांत भरून युरोपकडे जाऊ लागला. गावापुढचा हडसन बे हा उपसागर वर्षातले बरेच महिने गोठलेला असतो, म्हणून जहाजं फक्त उन्हाळ्यापासून पानगळीपर्यंत. मी पोचलो त्याच उन्हाळ्यात गव्हाची वाहतूक थांबली आणि बंदरातल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या. काठावर धान्याचं ते प्रचंड कोठार तसंच उभं होतं. रोज कामाला जाताना ते दिसायचं आणि जीव तुटायचा.

मग मे 2017 मध्ये बर्फ वितळून पूर आला आणि रूळ कितीतरी ठिकाणी वाहून गेला. दुरुस्ती कोणी करायची यावर सरकार आणि मालक कंपनी यांच्यात वाद, आणि तोवर दीड वर्ष गाव विमानावर. दुधाची पिशवीसुद्धा हवेतून येणार म्हटल्यावर भाव काय होणार! हिवाळ्यात घरं गरम ठेवायचा प्रोपेन बर्फ धरायच्या आत जहाजाने आणून साठवावा लागला. आमच्या कोठीत कांदे मी अक्षरशः मोजून काढून द्यायचो. काही कुटुंबं गाव सोडून गेली. जी राहिली, ती एकमेकांच्या घरी डबे पोचवत राहिली. आम्हा हॉटेलात काम करणाऱ्या पोरांच्या दारातही एकदा कोणीतरी गोठवलेल्या माशाचं पुडकं ठेवून गेलं. कोणी ठेवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

2018 च्या ऑक्टोबरअखेर पहिली मालगाडी आली तेव्हा स्टेशनवर लोक जमले होते. इंजिनाचा भोंगा लांबून ऐकू आला आणि माझ्या शेजारच्या क्री (तिथल्या आदिवासी) आजी हुंदके देऊन रडायला लागल्या. मलाही आवरलं नाही. पुढच्या वर्षी गव्हाची जहाजंही पुन्हा लागली.

मुलाचं म्हणाल तर शाळा, दवाखाना, वाचनालय, पोहण्याचा तलाव, बर्फावरच्या हॉकीचं मैदान हे सगळं एकाच छपराखाली आहे. पांढऱ्या अस्वलाच्या आकाराची घसरगुंडीही आहे. उणे तीसच्या थंडीत आईबापांना याचं मोल कळतं.

खऱ्या अस्वलांची भीती मात्र मनात असू द्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ती किनाऱ्यावर समुद्र गोठायची वाट बघत असतात. गावाजवळ समुद्राला मिळणाऱ्या नदीच्या गोड्या पाण्यामुळे तिथे बर्फ लवकर धरतो, म्हणून ती तिकडे जमतात. त्या दिवसांत मुलाला एकट्याला बाहेर सोडायचं नाही. कचरा उघड्यावर ठेवायचा नाही. कोठीचं मागचं दार उघडण्याआधी मी दोन्ही बाजूंना पाहून घ्यायचो, आणि पहिल्या महिन्यात दार उघडताना हात थरथरायचा. लोक मोटारींना कुलूप लावत नाहीत, कोणावर अस्वल आलं तर आत शिरता यावं म्हणून. हॅलोविनच्या रात्री पोरं घरोघरी फिरतात तेव्हा पहारेकऱ्यांच्या गाड्या गावाभोवती उभ्या असतात.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. 1956 मध्ये सायिसी डेने या आदिवासी लोकांना कॅनडाच्या सरकारने त्यांच्या मुलखातून उचलून या गावाच्या कडेला आणून टाकलं. हाल, भूक, दारू यांत कितीतरी माणसं गेली. सरकारने माफी मागितली ती 2016 मध्ये. गावात राहायचं तर हे ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

चोवीस तास अंधाराची धास्ती नको. भर हिवाळ्यातही सहाएक तास उजेड असतो. त्रास वाऱ्याचा असतो. हिंग, गोडा मसाला, डाळी वर्षभराच्या घेऊन जा.

आणि पहिल्यांदा आगगाडीनेच जा. वाटेतलं थॉम्पसन गाव सोडलं की मुलाला खिडकीशी बसवा. झाडं बुटकी होत जातात, वाऱ्याने एका अंगाची फांदी उरलेली नसते. जुने तारेचे खांब तीन-तीन वासे बांधून तिकाटण्यासारखे उभे केलेले दिसतील, कारण खालची जमीन गोठते-वितळते आणि एकटा खांब तिथे टिकत नाही.