पुस्तकांच्या दुनियेत घडणारी फँटसी लिहितोय, नायिका पुस्तकात शिरते, पण आतलं जग नवीन वाटतच नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की तुमची बारा वर्षांची मुलगी पुण्यात पुस्तकांच्या बाजारात, अप्पा बळवंत चौकात एक जुनं पुस्तक उघडते, त्यातून उजेड येतो आणि ती आत ओढली जाते, आणि मग तेच ड्रॅगन, तेच किल्ले, तीच भविष्यवाणी. मला वाटतं ड्रॅगन काढाच, आणि पुस्तकांचं खरोखर काय काय होतं ते बघा. ती भिजतात, त्यांना कसर लागते, रद्दीत किलोवर जातात, नक्कल करताना चुकतात. जादूचे नियम इथेच पडलेत.

मी मुलांसाठी लिहिते आणि मला सगळ्यात जास्त सुचलंय ते पोथ्यांवरून. छपाईच्या आधी प्रत्येक प्रत हाताने उतरवायची, एक जण ओळ गाळणार, दुसरा पदरचा श्लोक घालणार आणि तिसरा त्या चुकीचीच इमानेइतबारे नक्कल करणार. आपल्या पुण्यातच भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली, म्हणजे वेगवेगळ्या प्रती ताडून मूळ मजकूर शोधणारी, १९१९ ला काम सुरू आणि १९६६ ला पूर्ण, त्यासाठी १२५९ हस्तलिखितं तपासली. मूळचा वाटला तो मजकूर वर, पाठभेद, म्हणजे इतर प्रतींमधले वेगळे शब्द, पानाच्या तळाशी बारीक टाइपात, आणि मोठे उपरे भाग परिशिष्टात. व्यास सांगतायत आणि गणपती लिहून घेतोय ही गोष्ट आपल्या सगळ्यांना पाठ असते ना, ती त्या आवृत्तीत मुख्य मजकुरात नाहीये, परिशिष्टात आहे!

आता हे तुमच्या कादंबरीत आणा. एकच माणूस शेकडो प्रतींमध्ये थोडा थोडा वेगळा जगतोय, कुठे त्याला भाऊ आहे, कुठे नाही. आणि काही लोकांना वरून काढून तळटीपेत राहायला पाठवलंय, त्यांना परत वर यायचंय. हेच तुमचे विरोधक, आणि त्यांची मागणी रास्त आहे म्हणून तर मुलीला त्यांच्याशी लढणं जड जाईल, नुसत्या दुष्ट राजाशी लढायला काही लागत नाही.

शस्त्र म्हणून हरताळ द्या. पोथीत चूक झाली की त्यावर हा पिवळा रंग फासायचे आणि त्याच्यावरच बरोबर अक्षर लिहायचे. विषारी असतो तो, आर्सेनिक असतं त्यात, म्हणजे मुलीला जपूनच वापरावा लागेल. ज्याच्यावर फासला तो नाहीसा होतो, पण थर खरवडला की खालचा माणूस परत येतो असा नियम तुम्ही करू शकता.

अजून एक. बऱ्याच पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक श्लोक लिहून ठेवायचे, त्यात पुस्तक स्वतःच बोलतं, की मला तेलापासून वाचवा, पाण्यापासून वाचवा, सैल बांधू नका आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. यातलं सैल बांधणं मला फार आवडतं, कारण पोथीची पानं सुटी असतात, दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडी रुमालात घट्ट बांधलेली. गाठ सुटून पानं विस्कटली तर आतल्या लोकांचा काळच विस्कटेल, कालचा मेलेला आज दारात उभा. तुमचा क्लायमॅक्स इथे होऊ शकतो. पानांच्या समासात आकडे असतात, त्यावरून तिला सगळं परत लावायचंय आणि निम्मे आकडे कसरीने खाल्लेत.

अप्पा बळवंत चौक मात्र ठेवाच, फक्त जूनमधला ठेवा, हातात यादी घेतलेले पालक, गाईडं, पाऊस आला की जुन्या पुस्तकांवर घाईने ओढलेलं प्लास्टिक. आणि उजेडबिजेड नको. तिला एका पुस्तकात छपाईची चूक दिसते, ती पेनने दुरुस्त करते आणि त्या क्षणी आत जाते, कारण जो दुरुस्ती करतो तो लेखनिक झाला. आत गेल्यावर तिला पहिल्यांदा भेटते ती बाई, जिचा मुलगा त्या चुकीच्या शब्दामुळेच जिवंत होता. पहिलं प्रकरण इथे संपवा, दुसरं त्या बाईच्या बाजूने लिहून बघा.