आधी लॅरी हर्ड ऐक

अरे, ट्रॅक बनवायला प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचे आवाज नि इफेक्ट) विकत घेत सुटू नकोस. आधी शिकागोच्या लॅरी हर्ड या हाउस (नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) संगीतकाराचं १९८६ चं 'कॅन यू फील इट' हेडफोन लावून ऐक, आणि फक्त बेसकडे कान दे. गडी मुळात ड्रमर, म्हणून त्याचा बेसही ठेक्याशी गप्पा मारतो. साहित्य काय, तर रोलँड कंपनीचा जुनो-६० सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) आणि टीआर-९०९ ड्रम मशीन. बस्स! त्यावर जॅझच्या वळणाचे हळवे कॉर्ड. याच वाटेला पुढे डीप हाउस म्हणू लागले. मग रॉबर्ट ओवेन्सच्या आवाजातला, हर्डच्याच फिंगर्स इंक या गटाचा १९८८ चा 'अनदर साइड' अल्बम घे (मी तो रात्रीच ऐकतो). तुझ्या ट्रॅकमध्ये सध्या चौदा लेयर (एकावर एक रचलेले आवाज) आहेत ना? दहा म्यूट कर आणि उरलेले चार मला पाठव.