नाशिकमध्ये शालेय विज्ञान प्रदर्शनासाठी पाण्याच्या बाटलीचे रॉकेट करायचे आहे. पाणी किती भरावे?

बाटलीच्या क्षमतेच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे 2 लिटरच्या बाटलीत 600 ते 700 मिलिलिटर पाणी भरावे. सायकलच्या पंपाने दाबलेली हवा पाणी खाली फेकते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार बाटली वर जाते. पाणी जास्त झाल्यास हवेला जागा उरत नाही व वजन वाढते, तर फार कमी असल्यास ते लगेच संपून रेटा अपुरा पडतो. रॉकेट गिरक्या घेऊ लागले, तर दोष बहुधा तोलाचा असतो. रॉकेटच्या वरच्या टोकाशी थोडी चिकणमाती बसवावी. मात्र बाटली सोड्याच्या शीतपेयाचीच घ्यावी, कारण साध्या पाण्याची पातळ बाटली दाब सोसत नाही, आणि नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळच्या गर्दीत उड्डाण मुळीच करू नये.