एक गाणे ऐकू येत नाही, दुसरे अंगावर येते

प्रश्न : घरी मोबाइलवरून स्पीकरवर गाणी लावून ठेवण्याची आम्हाला सवय आहे. प्लेलिस्टमध्ये जुनी आणि नवी गाणी एकत्र आहेत. जुन्या गाण्याचे शब्द नीट कळावेत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढचे नवे गाणे एकदम अंगावर येते. स्पॉटिफायमधील आवाजाची पातळी समान ठेवण्याची सोय चालू केली, तरी फारसा फरक पडला नाही. स्पीकरमध्ये दोष असेल का? शिवाय या सोयीमुळे ध्वनिमुद्रणाचा दर्जा उतरतो असे ऐकले आहे, ते खरे आहे का?

उत्तर : दोष स्पीकरचा दिसत नाही, स्पीकर बिघडला असता तर सर्वच गाण्यांत तो जाणवला असता. फरक मुळात ध्वनिमुद्रणांत आहे. डिजिटल ध्वनीला एक पक्की कमाल मर्यादा असते; तिला शून्य डेसिबल मानतात आणि तिच्याखालचे आवाज उणे आकड्यांत मोजतात. जुन्या गाण्यात या मर्यादेजवळ तबल्याची एखादी थाप किंवा ड्रमचा ठोका तेवढा पोहोचतो आणि बाकीचे गाणे बरेच खाली राहते. नव्या गाण्यात मात्र लिमिटर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर जाणारा आवाज दाबणारे साधन, वापरून असे उंच ठोके दाबलेले आणि उरलेला सगळा भाग वर उचललेला असतो. आपले गाणे इतरांपेक्षा दणदणीत वाटावे या चढाओढीत १९९० च्या दशकात सीडींवर हा प्रकार इतका वाढला की त्याला ‘लाउडनेस वॉर’ असे नावच पडले. क्षणभराच्या ठोक्यावरून आपला कान आवाज लहान की मोठा हे ठरवत नाही, तो सरासरीवरून ठरवतो. आणि सरासरीत १० डेसिबलचा फरक असला, तर मोठे गाणे साधारण दुप्पट मोठे भासते.

ही जाणवणारी पातळी मोजण्याची रीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ मध्ये बीएस.१७७० या शिफारशीत घालून दिली. तिचे एकक एलयूएफएस; त्यातला एका अंकाचा फरक म्हणजे एक डेसिबल, आणि आकडा शून्याच्या जितका जवळ तितके गाणे मोठे. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक गाणे उणे १४ एलयूएफएसच्या आसपास आणू पाहते. मोठे गाणे खाली आणणे सोपे असते. अडचण येते ती हळू गाण्याची. समजा, एका गाण्याची सरासरी उणे २२ आहे आणि त्यातला सर्वांत उंच ठोका उणे ४ डेसिबलवर आहे. ते उणे १४ वर न्यायचे, तर ८ डेसिबल वाढवावे लागतील आणि तो ठोका कमाल मर्यादा ओलांडून फाटेल. म्हणून ॲप तो ठोका उणे १ वर पोहोचेपर्यंतच, म्हणजे ३ डेसिबलच वाढवते. गाणे उणे १९ वर अडकते आणि शेजारच्या नव्या गाण्याहून ५ डेसिबल खाली राहते.

यावर माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्याच सेटिंगमधील तीन पातळ्यांपैकी सर्वांत शांत पातळी निवडणे. तिचे लक्ष्य उणे १९ असते, त्यामुळे वरच्या उदाहरणातील दोन्ही गाणी एकाच पातळीवर येतात. कमी झालेला आवाज स्पीकरवर एकदाच वाढवून घ्यावा. सर्वांत मोठी पातळी मात्र टाळावी, कारण तेथे हळू गाणी वर उचलण्यासाठी लिमिटर लावला जातो.

तरीही फरक पडला नाही, तर गाणे कोणत्या वाटेने स्पीकरपर्यंत येते ते पाहावे. वायफायवरच्या स्पीकरला किंवा टीव्हीला गाणे ‘पाठवले’ की अनेकदा ते उपकरणच इंटरनेटवरून गाणे थेट ओढून घेते आणि मोबाइलमधील सेटिंगचा तेथे काही उपयोग होत नाही. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्पॉटिफायचीही तीच गत आहे. तुमच्याकडे हेच घडत असावे, असा माझा कयास आहे. तीच दोन गाणी ब्लूटूथने किंवा वायरने लावून पाहा. फरक कमी झाला, तर कारण सापडले असे समजावे.

दर्जाची भीती बाळगू नये. नेहमीच्या आणि शांत पातळीवर ॲप संपूर्ण गाण्याचा आवाज एकाच प्रमाणात कमी-जास्त करते. तुम्ही हाताने आवाज कमी करता, त्याहून ते वेगळे नाही. गाण्यातील हळुवार जागा आणि जोरकस जागा यांच्यातले अंतर तसेच राहते. हे अंतर म्हणजे संगीताचा श्वास आहे आणि ते जपायलाच हवे. टीव्हीमधील आपोआप आवाज सारखा करणारी सोय मात्र निराळी असते : ती गाणे चालू असतानाच हळू भाग वर आणि मोठा भाग खाली ओढते. संगीत ऐकताना ती बंद ठेवावी.

एखादा अल्बम क्रमाने ऐकताना त्यातले शांत गाणे शांतच वाटायला हवे. त्यासाठी स्पॉटिफाय सगळ्या अल्बमला मिळून एकच प्रमाण लावते. प्लेलिस्टमध्ये ते प्रत्येक गाण्याला वेगळे लागते. स्वतःजवळच्या फाइली वाजवत असाल, तर ‘रीप्लेगेन’ ही आवाजाची पातळी जुळवण्याची सोय वापरावी. ती मोजलेला आकडा फाइलच्या माहितीत नोंदवून ठेवते, मूळ ध्वनीला हात लावत नाही, आणि गाण्यागणिक की अल्बमला मिळून हेही निवडता येते.